घरच्यांनी किती करायचे?

पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे खडकवासल्यापर्यंतच्या गावांमध्ये मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. माझे रुग्ण प्रौढ आहेत आणि त्यांचे आजार मेंदूचे, मज्जारज्जूचे किंवा नसांचे आहेत. त्यांत पक्षाघात झालेले सर्वाधिक, त्याखालोखाल पार्किन्सनचे, मग मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण खराब होण्याचा आजार), मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखालचे अंग लुळे पडलेले तरुण, आणि अलीकडे गियाँ-बारे सिंड्रोममधून, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नसांवर हल्ला करण्याच्या आजारातून, उठलेले लोक. रुग्णालयात नोकरी करत असताना समांतर दांडे, उंची कमीजास्त होणारा पलंग, भिंतभर आरसा हे सगळे हाताशी असे. घरी कापसाची मऊ गादी घातलेला दिवाण असतो, एक प्लास्टिकची खुर्ची असते आणि बहुधा पहिल्याच भेटीत विचारला जाणारा प्रश्न असतो : "मॅडम, करंट लावणार ना?"

तेल कोमट करून ठेवणारी घरेही पुष्कळ आहेत. मालिशीने बरे वाटते आणि विजेच्या उत्तेजनालाही मर्यादित जागा आहे, हे मी नाकारत नाही; परंतु मेंदूला गमावलेली हालचाल पुन्हा शिकायची असेल, तर ती हालचाल रुग्णाने स्वतः, कशासाठी तरी आणि पुष्कळ वेळा करावी लागते, ही गोष्ट पटवून देण्यात पहिले काही आठवडे जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी व्यायाम शिकवण्याऐवजी मी अंथरुणापासून संडासापर्यंतची वाट दाखवायला सांगते. त्या वाटेवर घसरणारे पायपुसणे असते, न्हाणीचा चार बोटे उंच उंबरा असतो, तो ओलांडताना ज्याला धरले जाते तो नळ किंवा टॉवेलची दांडी असते, आणि रात्री दिव्याचे बटण दाराच्या पलीकडच्या बाजूला असते. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे आणि बहुतेक उपाय स्वस्त आहेत, पण दांडी नेमकी कोणत्या उंचीवर आणि कोणत्या हाताला बसवायची हे रुग्णाला तिथे प्रत्यक्ष उठवून-बसवून पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

तोल मोजण्यासाठी आम्ही बर्ग मापन वापरतो. त्यात १४ कृती आणि एकूण ५६ गुण असतात. खुर्चीतून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, वळून मागे पाहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे अशा त्या कृती आहेत. जमिनीवर बसून पुन्हा उठणे मात्र त्यांत नाही. एका काकूंना या मापनात ५० च्या वर गुण होते, कागदावर त्या जवळजवळ बऱ्या झालेल्या होत्या, आणि त्यांची तक्रार एवढीच होती की देवापुढे बसता येत नाही. मग दिवाणाच्या कडेला धरून आधी बुटके स्टूल, नंतर एकावर एक ठेवलेले दोन पाट, नंतर एक पाट, असे खाली खाली जात आम्ही जमीन गाठली. पक्षाघातानंतर जमिनीवर बसूच नका असा सल्ला सरसकट दिला जातो. काहींच्या बाबतीत तो योग्यही असतो. पण घरी पडण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो, आणि ज्याला गुडघ्यावर येऊन खुर्ची धरून उठण्याची सवय आहे, तो शेजारी येईपर्यंत फरशीवर पडून राहत नाही.

आणखी एक अडचण पाठ्यपुस्तकात नसते. पाऊल लोंबकळत असेल तर पायाला आधार देणारी पट्टी, जिला सगळे स्प्लिंट म्हणतात, बुटात घालून चालायचे असते. आपल्याकडे घरात पादत्राण चालत नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. त्यामुळे महागाची स्प्लिंट कपाटावर जाते किंवा गुळगुळीत फरशीवर नुसतीच वापरली जाते आणि घसरते. फक्त घरात वापरायचा, बाहेरची धूळ न लागलेला, चिकटपट्टीने बंद होणारा बूट वेगळा ठेवावा, असे मी सुचवते. याबाबतीत आजींची परवानगी डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा महत्त्वाची ठरते, म्हणून आजींशी मी आधी बोलून घेते.

पक्षाघाताचे खरे स्वरूप ताटावर दिसते, असे मला बरेचदा वाटते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूची ताकद जाते, हे घरच्यांना ठाऊक असते. पण काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. डोळे चांगले असतात, तरीही डावीकडचे जग हिशेबात येत नाही. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, लोणचे डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे वाढतात. असा रुग्ण भाजी-आमटी संपवतो, कोशिंबिरीला हात लावत नाही, आणि घरचे समजतात की तोंडाला चव नाही किंवा स्वभाव हट्टी झाला. सुनेला मी ताट तसेच वाढायला सांगते, डाव्या काठावर एक ठळक रंगाचा रुमाल ठेवायला सांगते आणि प्रत्येक जेवणात "आधी रुमाल शोधा, मग जेवा" एवढेच म्हणायला लावते. बोलायला येणाऱ्या पाहुण्यांनी मात्र, निदान सुरुवातीला, उजव्या बाजूला बसावे. नाहीतर त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याचा राग मनात धरून ते निघून जातात.

खांद्याचा प्रश्न याहून नेहमीचा आहे. लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, सांधा सैल होतो, आणि नेमके त्याच काखेत हात घालून किंवा तोच हात ओढून रुग्णाला उठवले जाते. हे प्रेमापोटी घडते, आणि त्यातून सुरू झालेली खांदेदुखी महिनोन्महिने व्यायामाच्या आड येते. कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट गुंडाळलेली जुनी साडी बांधून तिथे धरावे, रुग्णाला पुढे वाकायला सांगावे आणि त्याचे त्याला उठू द्यावे, ही पद्धत शिकायला अर्धा तास लागतो. मुलगे ही पद्धत पटकन शिकतात; पण ते दिवसभर घरी नसतात.

इथे घरच्यांच्या प्रश्नाकडे यावे लागते. आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला काहीही करू न देणे, अशी समजूत घट्ट आहे. वडिलांना घास भरवला जातो, गुंड्या लावून दिल्या जातात, पाण्याचा पेला ओठांना लावला जातो, आणि जो हात थोडाफार हलू लागला होता तो मांडीवर पडून राहतो. काही काळाने मेंदू त्या हाताला विचारेनासा होतो. बायकांच्या हाताचा व्यायाम मी स्वयंपाकघरातूनच घेते : मेथी निवडणे, लसूण सोलणे, दुबळ्या हाताने परात धरून ठेवणे आणि चांगल्या हाताने कणीक मळणे. पुरुषांच्या बाबतीत असे काम सापडणे अवघड जाते, कारण अनेकांनी घरात आयुष्यभर दोन्ही हातांनी काही केलेलेच नसते. शेंगा फोडायला बसवलेल्या एका काकांनी आठवडाभर माझ्याशी नीट बोलणे टाकले होते. पुढे त्या घरात शेंगा त्यांच्याशिवाय कोणी फोडेना.

मग घरच्यांनाच प्रशिक्षण दिले तर फिजिओथेरपिस्टची गरज कमी होईल, असे कोणालाही वाटेल. भारतात हे रीतसर तपासून झाले आहे. अटेंड या नावाच्या चाचणीत देशभरातल्या १४ रुग्णालयांमधून पक्षाघाताचे १२५० रुग्ण घेतले होते. निम्म्यांच्या कुटुंबीयांना घरी पुनर्वसन करून घेण्याचे शिक्षण दिले आणि उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण ४७ टक्केच होते. माझ्यासारख्या, घरच्यांना शिकवण्यावर भिस्त ठेवणाऱ्या व्यक्तीला हा निकाल अडचणीचा आहे, आणि तो बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही.

मी त्याचा जो अर्थ लावते तो असा. घरच्यांकडे वेळ आणि माया असते, पण व्यायाम केव्हा वाढवायचा, केव्हा थांबवायचा, स्नायू ताठरला तर काय बदलायचे, रुग्ण चांगल्या पायावरच सगळा भार टाकून चालतो आहे हे कसे ओळखायचे, हा निर्णय त्यांच्यावर टाकता येत नाही. शिवाय 'घरचे' हा शब्द मोघम आहे. प्रत्यक्षात ती एक व्यक्ती असते, बहुतेकदा पत्नी किंवा सून, जी डबे करते, मुलांचा अभ्यास घेते, रात्री दोनदा उठून लघवीचे भांडे देते, आणि तिलाच आम्ही दिवसातून तीनदा व्यायाम घ्यायला सांगतो. म्हणून तिच्याकडे मी व्यायाम सोपवतच नाही. उठवणे, बसवणे, कुशीवर वळवणे, ताट वाढणे ही कामे ती नाहीतरी करणारच असते. तीच योग्य रीतीने व्हावीत, एवढेच मागते. व्यायामाची आखणी आणि त्यातले फेरबदल ही माझी जबाबदारी. मनुष्यबळ कमी आहे म्हणून 'घरचेच करून घेतील' हे धोरण म्हणून मांडले जाते, तेव्हा मला त्यात काटकसर दिसते, उपचार दिसत नाही.

पार्किन्सनच्या घरांत वेगळे शहाणपण लागते. तिथे ताकद बरीच शिल्लक असते, पण चालू करण्याची कळ सापडत नाही. दाराशी, अरुंद बोळात किंवा वळताना पाय जमिनीला खिळतात. मागून ढकलले किंवा "चला, चला" अशी घाई केली की ते आणखी खिळतात. जमिनीवर पावलाच्या अंतराने आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या, किंवा मनात ताल धरला, तर तोच माणूस पट्ट्या ओलांडत सहज पुढे जातो. वारी केलेल्या एका आजोबांना मी ठेका देणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचा आवाज ऐकवला, तो त्यांना आवडला नाही. 'ज्ञानबा-तुकाराम' म्हणत ते खोलीच्या टोकापर्यंत गेले आणि तसेच वळून परत आले. व्यायामाची वेळ मी गोळीनुसार ठरवते, कारण लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा असर असताना हालचाल सोपी जाते. गोळी दूध किंवा डाळीच्या जेवणाबरोबर घेतली तर प्रथिनांमुळे तिचे शोषण कमी होते, ही साधी बाब अनेकांना माहीत नसते. औषधाच्या वेळांत बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करावा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे जाणाऱ्या रुग्णांना मला बऱ्याच गोष्टी पहिल्यापासून सांगाव्या लागत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी या आमच्याच भागात गियाँ-बारेची साथ आली आणि संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. अतिदक्षता विभागातून घरी आलेल्यांत तरुण होते, आणि त्यांची घाई समजण्यासारखी होती. या आजारात नसांवर हल्ला झालेला असतो. नसेचा तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासून पावलापर्यंत पोहोचायला वर्ष लागू शकते. जितका जास्त व्यायाम तितके लवकर बरे, हे गणित इथे उलटते. दमेपर्यंत व्यायाम केला तर दुसऱ्या दिवशी ताकद कमी भरते. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाला मध्येच थांबायला शिकवणे हे पक्षाघाताच्या रुग्णाला उठवण्यापेक्षा कठीण काम आहे.

खर्चाविषयी थोडक्यात : रुग्णालयातील उपचारांसाठी विमा किंवा सरकारी योजना असते, पण घरच्या भेटींचे पैसे बहुतेकांना खिशातूनच द्यावे लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस आहेत. ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर काही सवलती मिळतात, म्हणून त्याचा अर्ज करण्याची आठवण मी स्वतःहून देते.

भेटी थांबवायच्या केव्हा, हे रुग्णालयात खाटा ठरवतात. घरी ते मला ठरवावे लागते, आणि पैसे घेणाऱ्यानेच ते ठरवावे हे अवघड जागेचे दुखणे आहे. प्रगती थांबली आहे आणि दिवसभरात बोलायला येणारी मी एकटीच आहे, अशी घरे आहेत. तिथे भेटी चालू ठेवायला कोणाचीच हरकत नसते. तरीही आठवड्याची भेट पंधरवड्यावर, मग महिन्यावर नेते, आणि शेजारच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या गटापर्यंत त्यांना एकदा बरोबर घेऊन जाते. शेवटच्या भेटीत एक कागद भिंतीला लावते. त्यावर चार व्यायाम असतात, रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेले, आणि खाली मला पुन्हा केव्हा बोलवायचे ते : महिन्यात दोनदा पडल्यास, खांदा दुखू लागल्यास, किंवा आधी जमणारे एखादे काम जमेनासे झाल्यास. एकाएकी तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात गळून पडला, तर मला फोन न करता थेट रुग्णालय गाठायचे, ही ओळ मी लाल शाईने लिहिते.