अवमान याचिकेत नाव लिहावं लागतं

परवा अण्णांच्या खात्यात वाढीव मोबदल्याचे पैसे जमा झाले. पेढे वगैरे काही नाही. अण्णांनी पासबुक भरून आणलं, चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, व्याज कमी धरलंय. त्याचं नंतर सांगतो.

जमीन गेली १९९७ ला, पाझर तलावात. पावणेतीन एकर आणि त्यातली विहीर. ताबा पावतीवर आजोबांचा अंगठा आहे. १९९९ ला निवाडा झाला, म्हणजे भूसंपादनवाल्यांनी मोबदला ठरवला, त्यात विहीर धरलीच नाही, सगळी जमीन जिरायत म्हणून दर लावला, मग जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली मोबदला वाढवून मागायला कोर्टात गेलो, २०१२ ला दर वाढवून मिळाला, सरकारने अपील केलं, ते २०१८ ला फेटाळलं. तोवर आजोबा गेले, वारस लावायला सहा महिने गेले. पण कागदावर आम्ही जिंकलो होतो. मला खरंच वाटलं होतं की आता दोन-तीन महिन्यांत चेक येईल. वकील नुसते हसले होते तेव्हा.

मग सुरू झाल्या चकरा. भूसंपादनवाले म्हणणार पैसे तलावाच्या खात्याने द्यायचेत, आम्ही मागणी पाठवलीय. तलावाचं खातं म्हणणार प्रस्ताव मंत्रालयात आहे, निधी आला की लगेच. आणि मंत्रालयातून तो प्रस्ताव त्रुटी काढून परत आलेला असायचा, एकदा तर काय तर म्हणे निकालाच्या प्रतीवरचा शिक्का पुसट आहे. दरखास्त लावली, म्हणजे निकालाची वसुली करून द्या असा कोर्टात अर्ज केला, तेव्हा कोर्टाच्या बेलिफसोबत मी त्या ऑफिसात जप्तीला गेलो होतो. बेलिफ खुर्च्या-टेबलं-कॉम्प्युटर लिहून घेत होता आणि तिथले भाऊसाहेब शांतपणे त्याला सांगत होते, ती कोपऱ्यातली खुर्ची लिहू नका, मोडकी आहे, आणि हा प्रिंटर मागच्या जप्तीत पण होता. चहा आला, आम्हालाही दिला. साहेब मीटिंगला. पंधरा दिवसांची लेखी मुदत घेतली आणि खुर्च्या जागच्या जागी राहिल्या. त्या भाऊसाहेबांवर मला आजही राग येत नाही, त्यांच्या हातात होतं काय?

व्याजाचं गणित मात्र डोकं फिरवणारं आहे. जुन्या कायद्यात ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के, सरळव्याज. वाढीव रक्कम एक लाख धरा, वीस वर्षांत तिच्यावर २ लाख ९४ हजार नुसतं व्याज होतं. २०१३ च्या नव्या कायद्यातही व्याजाचे दर हेच आहेत. हे व्याज तुमच्या-आमच्या टॅक्समधून जातं, फाईल दाबून बसणाऱ्याच्या पगारातून एक रुपया कापला जात नाही. मग घाई कोणाला असणार, आणि का?

शेवटी हायकोर्टात रिट केली. ऑर्डर झाली, बारा आठवड्यांत रक्कम जमा करा. बारा आठवडे गेले, आणखी बारा गेले. मी म्हटलं लगेच कोर्टाच्या अवमानाची याचिका टाका. वकील म्हणाले दमा थोडं, नुसत्या वसुलीसाठी अवमान चालत नाही, त्याला दरखास्त आहे, इथे कोर्टाने मुदत घालून दिली आणि ती मुद्दाम पाळली नाही असं दाखवावं लागतं, म्हणून आधी ऑर्डरची प्रत जोडून रीतसर पत्रं देऊ, पोच घेऊ. आणि एक वर्षाची मुदत असते, अवमान घडल्यापासून वर्षाच्या आत याचिका टाकायची. आमची अकराव्या महिन्यात पडली.

आता शिक्षा बघा. अवमानाच्या १९७१ च्या कायद्यात जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दिवाणी अवमानात, म्हणजे आमच्यासारखी ऑर्डर न पाळण्याच्या प्रकारात, सहसा दंडच, कैद अगदीच गरज वाटली तर. आणि मनापासून माफी मागितली की तेही सुटतं. दोन हजाराला कोण भिणार असं मला वाटायचं. पण रिटमध्ये सामनेवाले म्हणून आपण लिहितो महाराष्ट्र शासन, जिल्हाधिकारी, कार्यकारी अभियंता. अवमान याचिकेत त्या माणसाचं नाव टाकावं लागतं, आडनावासकट. इतकी वर्षं आमच्या कागदांवर फक्त पदं होती. नाव पडल्यावर आठवड्याभरात त्याच ऑफिसमधून फोन आला, अण्णांना 'काका' म्हणून, बँकेचं पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेऊन या ना जरा. अण्णा फोन ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत बसले.

हे फक्त आमचंच नाही. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यासाठी २००३ ला नोटिफिकेशन निघालं, २००५ ला ताबा घेतला आणि निवाडा कधी, तर एप्रिल २०१९ ला, तोही अवमानाच्या नोटिसा निघाल्यावर, आणि वर दर लावला २०११ चा! सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये राज्यघटनेतलं कलम १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठीचा आपला खास अधिकार, वापरून एप्रिल २०१९ चा बाजारभाव धरायला सांगितला. आपल्या पुण्यातल्या पाषाणची केस तर पेपरात वाचलीच असेल, जमीन सरकारने घेतली आणि अनेक वर्षांनी बदली जमीन दिली ती निघाली वनजमीन. ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मोबदला देत नसाल तर लाडकी बहीण थांबवू असा दम दिला, तेव्हा कुठे मंत्रालयात पळापळ झाली.

उलट बाजूही आहे, नाही असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच हायकोर्टांना सांगितलंय की अधिकाऱ्यांना ऊठसूट कोर्टात उभं करू नका, गरज पडलीच तर आधी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, घ्या. ते पटतं पण मला. आमच्या तारखेला हजर झालेला अधिकारी तीन महिन्यांपूर्वी बदलून आला होता, आमची फाईल त्याने बहुतेक आदल्या रात्री पहिल्यांदा वाचली असेल, घाम पुसत उभा होता बिचारा. ज्यांच्या काळात ऑर्डर पाळायची होती ते दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच्या आधीचे रिटायर. बिनशर्त माफीचं शपथपत्र आणि रक्कम जमा केल्याची पावती सरकारी वकिलांनी एकदमच पुढे केली, चार मिनिटांत याचिका निकाली. तीही पुरती चार नाहीत, त्यात एक मिनिट पान सापडत नव्हतं.

तर व्याज. रक्कम काढली प्रस्ताव बनवला त्या तारखेपर्यंतची, जमा झाली त्यानंतर चौदा महिन्यांनी. त्या चौदा महिन्यांचं व्याज गायब. वकील म्हणाले सोडून द्या हवं तर, नाहीतर दरखास्तीत फरकाचा अर्ज द्यावा लागेल. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, द्या.

अर्ज काल टायपिंगला दिलाय.