एसटीने आलेली भरलेली बंदूक

आमचं दुकान सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. परवानाधारकांना बंदुका-काडतुसं विकणं, दुरुस्ती, आणि लोकांची हत्यारं ठेव म्हणून सांभाळणं हा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल घेणारे थोडे. बाकी सगळे डुक्कर, केडली (म्हणजे माकडं) आणि गव्यांनी जेरीला आलेले. गव्यावर बंदूक उचलायची नसते हे त्यांना माहीत असतं, पण दुकानात बसून गव्याला शिव्या तरी घालता येतात.

२०२४ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. भात लोंब्यांवर आलेलं. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतोय तोच एक म्हातारी आणि तिचा तिशीतला नातू दारात उभे. नातवाच्या खांद्यावर बारदानात गुंडाळलेली लांबडी वस्तू. काय असणार ते मला दिसताक्षणीच कळलं. आकार लपत नाही.

"जमा करूची असा," आजी म्हणाली. "आमचे हे गेले. आता घरात ठेवून काय करतलंव?"

आजोबा जाऊन दोनेक वर्षं झालेली. परवाना त्यांच्या नावचा, शेतीसंरक्षणाचा, आणि नूतनीकरण नंतर कोणी केलेलंच नाही. म्हणजे ती बंदूक त्या घरात इतके दिवस बेकायदा होती. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं, असं शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं. गावात हे कोणी सांगत नाही. बारावं-तेरावं करायला माणसं येतात, सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठ्याकडे जातात, आणि बंदूक आढ्याला तशीच.

"आणलीत कशी?" मी विचारलं.

"एसटीन. कंडक्टरान विचारल्यान, काय असा ता? म्हटलंय, कुदळीचो दांडो."

बारदान सोडलं. जुनी ठासणीची एकनळी, दस्त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. घोडा खाली बसलेला. मी वाकून बघितलं आणि हात आपोआप मागे आला. घोड्याच्या खाली, निपलवर, हिरवट पडलेली केप होती.

ज्यांनी ठासणीची बंदूक हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिच्यात काडतूस नसतं. तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, परत बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. मागे निपलवर, म्हणजे आरपार भोक असलेल्या छोट्या नळकांड्यावर, तांब्याची टोपी, म्हणजे केप, बसवली की बार तयार. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. पण घोडा आधीच केपवर टेकलेला असेल तर चाप ओढायचीही गरज नाही. घोड्यावर बाहेरून नीट ठोका बसला तरी पुरे. आणि ही बंदूक गर्दीच्या एसटीत, दोन सीटच्या मधे उभी करून, घाटातल्या खड्ड्यांतून आली होती.

नातवाला मी बाहेरच्या बाकावर बसवलं. आजी मात्र हलली नाही. "भरलेली असतली," ती शांतपणे म्हणाली. "ते कधी रिकामी ठेवीच नसत."

तिचं म्हणणं खरंच होतं. बार भरायला दोन-तीन मिनिटं लागतात, डुक्कर तेवढं थांबत नाही. शिवाय भरलेला बार काढायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणं, आणि त्यात दारू फुकट जाते. म्हणून जुनी माणसं भरूनच ठेवत. आजोबांनी बहुधा शेवटच्या पावसाळ्यात भरली, मग आजारी पडले, आणि ती तशीच आढ्यावर राहिली.

आमचा मिस्त्री सत्तरीचा आहे. वडलांच्या वेळेपासूनचा. त्याने बंदुकीचं तोंड वाळूच्या खोक्यात रोखलं, घोडा अंगठ्याने अलगद उचलून धरला आणि तेल सोडून लाकडी काडीने केप सैल केली. केप निघेपर्यंत दुकानात कोणी बोललं नाही. मग गज आत सोडून खूण केली आणि तोच गज नळीला बाहेरून लावून बघितला. तळापासून चार बोटं कमी. भरलेली.

पुढचं काम घाईचं नसतं. नळीत पाणी ओतून ठेवायचं. दारूतला सोरा पाण्यात विरघळला की ती मेली. तिला भिजायला दुपारपर्यंत ठेवली. मधल्या वेळात मी पोलीस ठाण्याला फोन करून ठेव घेतल्याची वर्दी दिली आणि पावती फाडली. आजीला चहा दिला. जेवणानंतर मिस्त्रीने गजाला स्क्रू लावून एकेक थर बाहेर काढला. नारळाच्या सोडणाचा बोळा, मग छरे: थोडे शिशाचे, थोडे सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या. परत सोडण. शेवटी काळा चिखल.

आजोबांचं दारूचं शिंगही बारदानात निघालं. नातू म्हणाला, "इतक्या वर्षांची दारू, काय होणार हिने?" मिस्त्रीने उत्तर दिलं नाही. शिंगातली चिमूटभर दारू मागच्या पडवीत दगडावर ठेवून लांबून काडी लावली. भप्प. नातू दोन पावलं मागे गेला. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. तुमच्या माळ्यावर, आढ्यावर अशी एखादी असेल तर ती भरलेलीच आहे असं धरा. तिला हलवू नका, एसटीत तर नकोच नको. आधी ठाण्याला किंवा दुकानाला फोन करा, माणूस घरी येईल.

एवढं झाल्यावर आजी निघायला उठली. नातू उठेना. त्याने मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला.

"काका, मला ही पाहिजे. मिळेल ना?"

फोटो .३१५ च्या रायफलीचा. तो नवी मुंबईतली नोकरी सोडून गावी आलाय. भात, काजू आणि सुरण करतो. सुरणाचं अर्धं रान डुकरांनी एका रात्रीत नांगरल्यासारखं उलथून टाकलं होतं. त्याचा राग मला समजतो. पण रागात माणूस नेहमी मोठी बंदूक निवडतो, हे मी इतकी वर्षं बघत आलोय.

.३१५ हत्यार चांगलं आहे. इंग्रजांच्या काळात फौजेच्या .३०३ ची गोळी साध्या नागरिकाला वापरता येत नसे, म्हणून हे कॅलिबर पुढे आलं आणि ईशापूरच्या कारखान्याने ते पुढेही चालू ठेवलं. पण तिची गोळी दीड-दोन किलोमीटरवरही माणूस मारू शकते. मी त्याला विचारलं, तुझ्या सुरणाच्या रानामागे काय आहे?

"चढ. मग काजू."

"आणि चढामागे?"

तो जरा थांबला. "गावकरवाडी."

कोकणात सपाट मोकळं रान नाही आणि निर्मनुष्यही नाही. प्रत्येक चढामागे वाडी, प्रत्येक पाणंदीला कोणीतरी बॅटरी घेऊन चाललेलं. डुक्कर येतं रात्री. डुक्कर समजून माणसाला बार लागल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात, आणि त्यात मरणारा बहुतेक वेळा बरोबर गेलेलाच असतो. म्हणून जनावराकडे बघण्याआधी जनावराच्या मागे काय आहे ते बघायचं. बंदूक निवडायलाही माझ्याकडे हाच नियम आहे. किंमत आणि कंपनी नंतर.

कायदाही जवळपास तेच म्हणतो. खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आधी ठासणीची बंदूकच येते. ती पुरेशी नाही असं जिल्हादंडाधिकाऱ्यांना पटलं तर २० इंचांपेक्षा कमी नळी नसलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे आपली १२ बोअर. रायफलीच्या नळीला आतून आटे असतात, ती या वाटेने येत नाही. तिच्यासाठी वेगळं आणि सबळ कारण द्यावं लागतं, आणि सुरण हे कारण चालेल असं मला वाटत नाही.

मग त्याच्या हातात एक रिकामी दुनळी दिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या गणपतीच्या खाली, आकड्यावर, रोखायला सांगितलं. त्याने उजव्या खांद्याला लावली आणि मान विचित्र वाकडी केली. दोन्ही डोळे उघडे ठेवून बोट दाखव म्हटलं, मग एक-एक डोळा मिटायला लावला. नेम धरणारा डोळा डावा निघाला. हात उजवा, डोळा डावा. अशा माणसाने उजव्या खांद्यावरून बार काढला तर तो डावीकडे सुटतो आणि त्याला कारण कळत नाही. तो बंदुकीला दोष देत बसतो. डाव्या खांद्याला लावल्यावर मान सरळ झाली आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, आकड्यावर बसली.

इथे निवड अर्धी झालीच. पंप ॲक्शन बंदुकीचं रिकामं काडतूस बहुधा उजवीकडे फेकलं जातं, डावखुऱ्याच्या नाकासमोरून. मधे मोडणारी एकनळी किंवा दुनळी दोन्ही खांद्यांना सारखी. दुनळी महाग, जड, आणि तिच्यात एक धोका असा की पहिला बार चुकला की माणूस घाईने दुसरा काढतो, कुठे जातोय ते न बघता. नवख्याला मी एकनळीच सांगतो. एकच बार आहे हे माहीत असलं की माणूस थांबतो. माझ्या धंद्याला हे परवडत नाही हे मिस्त्रीने मला अनेकदा सुनावलंय.

काडतुसाचंही तेच. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान आपल्याकडे चालतात. डुकराला एलजी, म्हणजे मोजके पण मोठे छरे. पंचवीस-तीस पावलांच्या आत. त्याच्या पलीकडे छरे पांगतात आणि डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर जातं. बारीक छऱ्यांनी डुकराची फक्त कातडी तापते.

"मग लायसन आलं की मारू शकतो ना?" नातू म्हणाला.

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. पहिला जिल्हादंडाधिकारी देतात, दुसरी वनखातं. वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कलम ११ खाली मिळते, पण ती लेखी हवी. आणि मारलेलं डुक्कर सरकारजमा. हे सांगितलं की दुकानात हमखास हशा पिकतो. वाटे कसे पडतात ते गावात सगळ्यांना ठाऊक, आणि वनरक्षकालाही. मी हसत नाही, कारण त्या वाट्यांपायी परवाना जाताना बघितलाय.

आजी इतका वेळ ऐकत होती. "आमचे हे असते तर त्येंच्या नावावरसून ह्येच्या नावार झाला असता?"

झालं असतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. आजोबा दोन्हींत बसत होते. मृत्यूनंतरही वारसाला अर्ज करता येतो, पण मग वारस दाखला, बाकीच्या भावंडांची ना-हरकत, आणि मुंबईत असलेले काका सही करायला कधी येणार याची वाट. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेला परवानाधारक आहे त्यांनी हे या आठवड्यात करून टाकावं.

जुनी बंदूक वारसाने लावून घ्यायची का, हेही विचारलं त्याने. मिस्त्रीने निपलचे आटे दाखवले, गंजून झिजलेले. अशी निपल बार काढताना मागे, डोळ्याकडे, सुटू शकते. तिच्यातून पुन्हा बार काढायचा नाही, असं मी पावतीवरच लिहिलं.

आठवडाभरातच विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. २० नोव्हेंबरला मतदान. अशा वेळी आमच्याकडच्या अनेकांना बंदुका जमा कराव्या लागतात, नेमक्या भात कापणीच्या दिवसांत. दुकानातली खोली भरली. लोकशाहीबद्दल माझी तक्रार नाही, पण डुकरांना आचारसंहिता कोणी तरी समजवायला हवी.

नातवाने त्या गडबडीनंतर ऑनलाइन अर्ज भरला. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, सातबारा, वनखात्याचा जुना पंचनामा, सगळं जोडून. हत्याराच्या रकान्यात १२ बोअर एकनळी. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराने त्याला विचारलं म्हणे, एवढंच? लोक तर रायफल मागतात. तोपर्यंत त्याने सुरणाच्या रानाला सौर झटका मशीन बसवलं. गवत वाढून तारेला लागलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून दर आठ दिवसांनी कुंपणाखालचं रान साफ करावं लागतं, आणि ते न केलेल्या आठवड्यात डुकरं बरोबर त्याच कोपऱ्यातून आत शिरतात, असं तो परवा काडतुसांचे भाव विचारायला आला तेव्हा सांगत होता. भाव मी सांगितला. काडतुसं परवाना आल्यावर.