आमची वाटचाल: शोषखड्ड्यापासून पार्किंगखालच्या टाकीपर्यंत

मी, धाकटा भाऊ आणि भाड्याचा जेसीबी, एवढ्यावर सुरुवात झाली. सेप्टिक टँक, चेंबर, नाल्या अशी कामं करायचो. नागपूरजवळच्या हिंगणा, वाडीकडची गोदामं मिळू लागली, तसं पावसाच्या पाण्याचं कामही आमच्याकडे आलं.

पहिलंच मोठं काम फसलं. गोदामाच्या आवारात ऐसपैस शोषखड्डा खणून गिट्टी भरली. पहिल्याच जोराच्या पावसात तो अर्ध्या तासात भरला आणि आठ दिवस तुडुंब राहिला. चूक आमचीच होती. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, मग पाणी मुरत नाही. मुरूम लागेपर्यंत आम्ही खोल गेलोच नव्हतो. खड्डा स्वखर्चाने पुन्हा केला. तेव्हापासून दर सांगण्याआधी साइटवर चाचणीचा खड्डा भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजतो. आर्किटेक्टला कितीही घाई असो, हा एक दिवस आम्ही सोडत नाही.

जिथे मुरत नाही, तिथे पाणी धरून ठेवायचं आणि हळूहळू सोडायचं. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. छत आणि पार्किंग मिळून 1,000 चौरस मीटर असेल आणि तासाभरात 50 मिलिमीटर कोसळला, तर 50,000 लिटर. ते एकदम नालीत गेलं की रस्ता तुंबतो. म्हणून पार्किंगखाली आरसीसी टाकी बांधतो आणि बाहेरची वाट मुद्दाम अरुंद ठेवतो. सेकंदाला 2 लिटर सोडले तर तेच पाणी सात तासांत निघतं. टाकी रिकामी आणि भोवतीची जमीन पाण्याने भरलेली असेल, तर टाकी वर उचलली जाते; त्यामुळे तिच्या वजनाचाही हिशेब करावा लागतो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, घरांत पाणी शिरलं. त्यानंतर फोन वाढले. एका इमारतीच्या टाकीने तो पूर अडला नसता, हे मी प्रत्येक बिल्डरला स्पष्ट सांगतो. आपल्या प्लॉटचं पाणी शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये जाऊ नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

गाळाचं चेंबर साफ झालं नाही, तर टाकीच गाळाने भरते. म्हणून देखभाल आम्ही करारातच लिहून घेतो. मृगाआधी भाऊ प्रत्येक जागी जाऊन स्वतः झाकण उघडतो.