एकट्याला उचलता येईल तीच गाडी

मागच्या जानेवारीत जैसलमेरजवळ, समच्या अलीकडे, डांबरी सोडून वाळूच्या वाटेला लागलो आणि थोड्याच अंतरावर मोटारसायकल आडवी झाली. पुढचं चाक रुतलं, मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, झालं. गाडी मित्राची, सामानासकट सव्वादोनशे किलोंच्या वर. तीनदा जोर लावला. दर वेळी मागचं चाक घसरायचं आणि हँडल आणखी खोल जायचं. टाकीच्या झाकणाशी पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. पाऊण तासाने उंट घेऊन एक म्हातारबाबा आले, तेव्हा दोघांनी मिळून ती उभी केली.

यंदा डिसेंबरात स्वतःच्या गाडीवर कच्छमधलं धोलावीरा करून जैसलमेरच्या पुढे, सीमेजवळच्या तनोटपर्यंत जायचंय. गेले चार महिने गाडी निवडण्यातच गेले. माझ्या बाबांनी म्हापशात पंचवीस वर्षं पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवून पायलटची, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीची, भाडी मारली. ते एवढंच म्हणाले, "इंजिन मागाहून बघ. आधी गाडी आडवी घाल आणि एकट्यानं उभी कर."

डिचोलीत आमच्या घरामागे जुनी चिरेखाण आहे, सगळी सुटी खडी. तिथे ओळखीच्यांच्या दोन गाड्या नेल्या. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 मला मनापासून आवडते: 40 पीएसची ताकद, 17 लिटरची टाकी, पाण्याने थंड होणारं इंजिन. पण वजन 196 किलो. दोनदा उचलली, तिसऱ्यांदा कंबरेने नकार दिला. हीरोची एक्सपल्स 200 फोर-व्ही साधारण 159 किलोंची. ती पाच वेळा उचलली. मन तिथेच ठरलं.

तिची टाकी 13 लिटरचीच, म्हणून आधी धाकधूक होती. पण लिटरला चाळीसच्या आसपास धरलं तरी पाचशे किलोमीटर निघतात. तनोटच्या वाटेवरच्या रामगढला टाकी भरली की तनोट करून परत यायला भरपूर झालं. हायवेवर मात्र ती ऐंशी-नव्वदच्या पुढे धापा टाकते. गोव्याहून जैसलमेर दीड हजार किलोमीटरांहून जास्त, म्हणजे एक दिवस वाढेल. तो मी आनंदाने देईन.

पुढचं चाक 21 इंची, तारांचं. दगडावर आपटलं तर अलॉयचं ओतीव चाक तडकू शकतं, तारांची रिम बहुधा वाकते आणि ठोकून सरळ करता येते. पण आत ट्यूब असते, म्हणून पंक्चर स्वतः काढायला शिकलो. पहिल्यांदा ओसरीवर पावणेदोन तास लागले, आता पस्तीस मिनिटं. वाळूत हवा कमी करायची हे सगळे सांगतात. पण फारच कमी केली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. डांबरीवर परतताना पुन्हा हवा भरायला हातपंप हवाच.

आपल्या खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, तेव्हा दर आठवड्याला तेलाचा बोळा फिरवणं आलंच. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यामुळे सराव चिरेखाणीतच.

काल पैसे भरले. गाडी हातात आली की सगळं सामान बांधून आधी तिथेच नेऊन आडवी घालणार आहे. बाबाही येणार म्हणालेत.