शेन ओ'डॉनेल आणि ती १९ मिनिटं

आयर्लंडमधल्या कॉर्कला राहायला आलो तेव्हा हर्लिंग हा इथला खेळ म्हणजे काय हे काडीचंही माहीत नव्हतं. पहिल्यांदा बघितलं तर वाटलं हे काय, हॉकी आणि हाणामारी एकत्र चाललीये, हातात अ‍ॅशच्या लाकडाची चपटी काठी, तिला हर्ली म्हणतात, बॉलला स्लिटर, आणि तो बॉल डोक्याच्या उंचीवरून सुसाट जातोय नि पोरं बिनधास्त मध्ये हात घालतायत. हेल्मेट सक्तीचं झालं तेच मुळी २०१० मध्ये!

तर ऑफिसात एक कॉर्कचा पक्का माणूस आहे, त्याच्यासमोर मी एकदा सहज २०१३ ची ऑल-आयर्लंड हर्लिंग फायनल यूट्यूबवर लावली. त्याने बघितलं, हेडफोन घातले आणि तासभर माझ्याशी बोलला नाही. मला कळेना काय झालं. मग घरी येऊन पूर्ण मॅच बघितली.

त्या वर्षी क्लेअर विरुद्ध कॉर्क, इथे टीम काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या. पहिली फायनल टाय झाली, ०-२५ आणि ३-१६. हे स्कोअर लिहिणं मला सुरुवातीला बॅंकेच्या पासबुकासारखं वाटायचं, पण सोपं आहे, आधीचा आकडा गोल, एका गोलचे तीन पॉइंट, नंतरचा आकडा गोलच्या आडव्या बारच्या वरून मारलेले पॉइंट. म्हणजे दोघांचे २५-२५. टाय केली कोणी तर क्लेअरच्या डोनल ओ'डोनोव्हनने, म्हणजे एका डिफेंडरने, तेही इंज्युरी टाइममध्ये.

टाय झाली म्हणून फायनल परत खेळवली, २८ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, डब्लिनच्या क्रोक पार्कला. आणि इथे आपला हिरो येतो. शेन ओ'डॉनेल, क्लेअरमधल्या एनिस गावचा, वय १९, कॉर्कच्याच युनिव्हर्सिटीत जेनेटिक्स शिकणारा. जाहीर केलेल्या टीममध्ये त्याचं नाव नव्हतं. मॅनेजर डेव्ही फिट्झगेराल्डने मॅचच्या काही तास आधी त्याला सांगितलं की तू सुरुवातीपासून खेळतोयस. आता विचार करा, ८० हजारांच्या वर माणसं बसतील असं ग्राउंड, आयर्लंडची सगळ्यात मोठी मॅच, आणि आपल्याला दुपारी कळतंय! मला तर प्रेझेंटेशन आयत्या वेळी ढकललं तरी पोटात गोळा येतो.

पहिल्या १९ मिनिटांत त्याने तीन गोल मारले. तीन! काही भारी नखरे नाहीत हां, बॉल मिळाला की सरळ गोलच्या दिशेने पळायचं, समोरचा अंगावर यायच्या आत मारायचं, बस. एकूण ३-३ त्याच्या नावावर, म्हणजे १२ पॉइंट. कॉर्कनेही सोडलं नाही, परत परत जवळ आले, पण शेवटी क्लेअर ५-१६, कॉर्क ३-१६. शेवटचा गोल डॅराक होननचा, ज्याच्या जागी शेनला घेतलं होतं तोच, नंतर बदली म्हणून आत आलेला! हे मला फार आवडलं. क्लेअरला १९९७ नंतर पहिल्यांदा कप मिळाला. (त्यांच्या जर्सीला हे लोक भगवा-निळा म्हणतात, मी पहिल्यांदा ऐकून खूश झालो, बघतो तर चक्क पिवळा.)

पण माझं डोकं अडकलं ते पुढच्या गोष्टीत. हा खेळ हौशी आहे, काउंटीकडून खेळायचा पगार मिळत नाही. क्रिकेटमध्ये अशी इनिंग खेळला असता तर आयपीएलवाल्यांनी दुसऱ्या दिवशी उचलला असता. हा पोरगा देशभर फेमस झाला आणि परत वर्गात बसायला गेला कुठे, तर कॉर्कमध्येच! ज्यांना हरवलं त्यांच्याच गल्लीत. पुढे मायक्रोबायोलॉजीत पीएचडी केली, फुलब्राइट स्कॉलरशिपवर हार्वर्डलाही जाऊन आला. एकीकडे बॅक्टेरिया, दुसरीकडे संध्याकाळची ट्रेनिंग. २०२१ मध्ये डोक्याला मार लागला, कन्कशन झालं, आता संपलं असंच वाटावं इतकं वाईट. तरी परत आला.

आणि २०२४. परत क्लेअर-कॉर्क फायनल, एक्स्ट्रा टाइम, ३-२९ विरुद्ध १-३४, म्हणजे फक्त एका पॉइंटचा फरक. क्लेअर जिंकले, आणि त्या वर्षीचा हर्लर ऑफ द इयर शेन, वय ३०.

फायनल रविवारी होती. सोमवारी ऑफिसात तो माझा कॉर्कवाला हेडफोन आधीच घालून बसलेला. मी काही न बोलता त्याच्या टेबलवर चहा ठेवला आणि सटकलो.