उरलेल्या गोळ्या

सोलापूरची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. ओपीडीला गर्दी नव्हती, म्हणून मी रजिस्टर पुढे ओढून बसले होते. तेवढ्यात तो दारात आला, मागे बायको. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात आमचीच गोळ्यांची पांढरी डबी.

"मॅडम, तोंड गोड करा. आणि ह्या उरलेल्या गोळ्या परत घ्या. कुणा गरिबाला लागतील."

हसत हसतच मी डबी हातात घेतली. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काढल्यावर डबी नुसती हलवली तरी अंदाज येतो. महिना भरत आला की तळाशी दोन-चार गोळ्या खुळखुळतात. ही धड वाजतही नव्हती. टेबलावर ओतून मोजल्या. ३० पैकी २६ शिल्लक.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा माणूस. तीन वर्षं त्याने एकही रात्र चुकवली नव्हती. टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत, रोज एक. रात्रपाळी असली की डब्यात भाकरीशेजारी पुडीत बांधून न्यायचा. अशा माणसाने मध्येच गोळ्या सोडल्या, त्या माझ्यामुळे.

महिन्यापूर्वी त्याचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट आला होता : 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. दुपारचे दोन वाजून गेलेले, बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली, पोटात कावळे. मी रिपोर्टवर टिचकी मारून म्हणाले, "झकास! विषाणू सापडलाच नाही." आणि पुढच्याला हाक मारली. त्याने ऐकलं ते असं : विषाणू गेला. चार दिवसांनी गोळ्या बंद. गड्ड्यात सिद्धेश्वराला जाऊन नवस फेडून आला.

पेढ्याचा पुडा बाजूला सरकवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एक मिली रक्तात विषाणूचं प्रमाण साधारण २० ते ५० प्रतींच्या खाली गेलं की मशीनला मोजता येत नाही, म्हणून 'सापडला नाही' असं छापून येतं. पण शरीरातल्या काही पेशींत तो दडी मारून बसलेला असतो. गोळी त्याला तिथून मारू शकत नाही, फक्त वाढू देत नाही. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत पुन्हा दिसायला लागतो.

तो बराच वेळ डबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे माग मोडला नाही. नुसता मोटरचा पट्टा उतरवून ठेवलाय."

इतकी वर्षं मी चार्ट दाखवून, बाण काढून हेच सांगत होते. हल्ली सरळ पट्ट्याचंच सांगते. यंत्रमागाच्या गावात कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

बायको तोवर गप्प होती. विड्या वळणारी बाई, पदराला तंबाखूचा वास. तिची तपासणी दर वेळी निगेटिव्ह आलेली. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, बरं झालंय म्हणून आम्ही निरोधपण बंद केला."

पोटात धस्स झालं. शेवटचा संबंध कधी, ते विचारलं. आठ दिवस झाले होते. ७२ तासांच्या आत आली असती तर तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू करता आल्या असत्या. ती वेळ गेली होती. तिची तपासणी त्याच दिवशी करून घेतली, त्याचा व्हायरल लोडचा नमुना घेतला, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा चालू केल्या. त्याचा आकडा हजारांत आला.

माझी खरी चूक मात्र त्या टिचकीच्या आधीची होती. व्हायरल लोड न सापडण्याइतका खाली टिकला आणि गोळी चालू राहिली, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मी त्या दोघांना तीन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. माहीत होतं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात आपल्या पुण्याचीही जोडपी होती. गोळ्यांनी विषाणू नीट दबलेला असताना जोडीदाराला त्याच्याकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण त्यात निघालं नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच स्पष्ट म्हटलं. पण आम्ही बिचकतो. सांगितलं तर निरोध सोडतील, म्हणून अर्धंच सांगतो. इथे तर न सांगताच सोडला होता, तोही नेमका गोळ्या बंद असताना.

त्या दिवशी दोन्ही बाजू एकदमच सांगितल्या. निरोधाचंही सांगितलं : दुसरे गुप्तरोग ही गोळी अडवत नाही, आणि आकडा पुन्हा खाली येऊन टिकेपर्यंत निरोध हवाच.

"मग लेकरू?" तिने विचारलं. लग्नाला पाच वर्षं झालेली. नवरा भिंतीकडे बघायला लागला.

"होईल. आधी आकडा खाली येऊ दे, मग डॉक्टरांशी बोलून ठरवू."

"आणि ताट? मी यांचं ताट वेगळं ठेवते."

"अक्का, ताटाचा संबंध कधीच नव्हता."

तिची त्या दिवशीची तपासणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनंतरचीही. त्याच्या रिपोर्टवर तेव्हा पुन्हा 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' उमटलं होतं. या खेपेला पेढे नव्हते. तिने पिशवीतून शेंगाचटणीची बाटली काढून टेबलावर ठेवली. तो डबी उघडून, मी न विचारताच, गोळ्या मोजून दाखवायला लागला.