१७ नंबरने फसवलं: भुईमूग एफ-३ आणि हुमणी

हुमणी (मुळं खाणारी अळी) सोडूनही भुईमुगाची १७ नंबरची ओळ तगते, असं कौतुक मागच्या नोंदीत केलं होतं, ते तूर्त मागे घ्या. (ओळ म्हणजे एकाच झाडाची संतती, एफ-३ म्हणजे संकरानंतरची तिसरी पिढी.) तिसऱ्या अवस्थेची अळी सोडून तीन आठवडे झाले तरी झाड टवटवीत होतं आणि शेजारचं जेएल-२४ (तुलनेसाठी लावलेला भुईमुगाचा वाण) दुपारी माना टाकत होतं. झाड वाढवलेली पाइपची नळी उघडली तर सोटमूळ अखंड, अळी मेलेली, कडक. ओल्या टिपकागदावर डबीत ठेवल्यावर तिच्यावर आधी पांढरी, मग हिरवी बुरशी आली. मेटारायझियम, म्हणजे किडी मारणारी बुरशी! मुळं खायला कोणी नव्हतंच.

सहनशीलता तपासायची तर अळी जगली पाहिजे, पोसली पाहिजे आणि तरी झाडाने नवी मुळं फोडली पाहिजेत. २४ पैकी ७ नळ्या अशाच निघाल्या. सगळ्या मोजणीतून बाद. अळ्या उसाच्या ज्या फडातून आणल्या, तिथे हीच बुरशी सोडलेली होती. पिकासाठी उत्तम, चाचणीसाठी घात.

यापुढे अळ्या आधी दहा दिवस वेगळ्या. एका डबीत एकच, कारण दोन ठेवल्या की एकमेकींना चावतात आणि जखमेतून सडतात. वाफवून गार केलेली ओलसर माती, गाजराचा तुकडा, दर दोन दिवसांनी नवा. जी खात नाही किंवा काळवंडते ती बाद. सोडताना आणि काढताना सोनाराच्या काट्यावर वजन. वजन घटलं असेल तर त्या नळीचा आकडा धरायचा नाही. प्रत्येक ओळीची एक नळी बिनअळीची हवीच, नाहीतर मुळातच जोमदार असलेली ओळ सहनशील वाटते. मातीत शेणखतही नको. अळी त्यावरच भागवते.

नळ्यांबद्दल: नर्सरीच्या पिशव्या उथळ पडतात, सोटमूळ तळाशी गुंडाळतं. चार इंची पीव्हीसी पाइपचे ४५ सेंमी तुकडे उभे चिरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधले की मुळं हवी तेव्हा बघता येतात. तळाला लोखंडी बारीक जाळी. नायलॉनच्या जाळीवर भरवसा नको.

अडचण वेळेची. दहा दिवस गेले की सप्टेंबर संपतो, मग अळी खाणं सोडून खोल जाते, कोषाची तयारी करते. पण नळी उघडतेच, तर अळीची वाट कशाला? तिसाव्या दिवशी खोडापासून ८ सेंमीवर सोटमूळ ब्लेडने छाटायचं, नळी बांधायची, पाणी द्यायचं आणि बाराव्या दिवशी नवी आडवी मुळं मोजायची. यातून फक्त मुळं पुन्हा फुटण्याची ताकद कळते. अळीला चव नकोशी आहे का, हे कळणार नाही. तरी ६० ओळींतून १५ निवडायला पुरे, आणि अळ्या पुढच्या पावसाळ्यात त्या १५ वरच. १७ नंबरही छाटणीत जाईल.

संकराकडून मात्र चांगली बातमी. संध्याकाळी पुंकेसर काढून मुद्दाम परागाविना ठेवलेल्या कळ्यांपैकी एकीलाही आरी (फुलातून मातीत शिरणारा, शेंग धरणारा देठ) सुटली नाही. म्हणजे हात साफ बसलाय. पराग लावून दोऱ्याने खूण केलेल्या फुलांच्या आऱ्या मातीत शिरल्यात. कुंडीची माती तिथे खुरप्याने नव्हे, बोटानेच सैल करा.